युरियाची गोणी उचलवली नाही. आता नेमका कुठला व्यायाम करू?

खतवाला_पारोळा

राम राम मंडळी. वय ४७, पारोळ्याला खत-बियाण्याचं दुकान. सकाळी नऊ ते रात्री आठ गल्ल्यावर. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४. मागच्या महिन्यात रक्त तपासलं, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, "शेठ, शुगर अजून घरात आलेली नाही, पण उंबरठ्यावर उभी आहे. व्यायाम करा." कुठला आणि किती, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.

पण खरं सांगतो, रिपोर्टाने मला हलवलं नाही. हलवलं ते दोन प्रसंगांनी.

पहिला युरियाचा. रब्बीची गाडी उतरवून झाली आणि आमचे दोन्ही हमाल जेवायला गेले. तेवढ्यात एक म्हातारबा आले, अंगठा लावला, बिल झालं. म्हणाले, गाडीवर एक गोणी टाकून दे. मी वाकलो, गोणीचे दोन कान धरले, गुडघ्यापर्यंत आणली आणि तिथेच सगळं संपलं. हाताची पकड सुटली, गोणी पायरीच्या कडेवर आपटली, शिवण उसवली आणि पांढरे दाणे पार गटारीपर्यंत. म्हातारबा पासष्टच्या आसपासचे असतील. काही न बोलता ते थप्पीकडे गेले, दुसरी गोणी मांडीवर घेतली, तिथून पोटावर, आणि मोटारसायकलच्या सीटवर आडवी टाकली. आमचे आबा ओट्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, "गोणी पाच किलोनी हलकी व्हयनी, तू पंधरा किलोनी जड व्हयना." (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युरियाची गोणी आधी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ ची आहे.)

दुसरा प्रसंग पंगतीचा. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे लग्नांना दम नसतो. चुलतभावाच्या मुलीच्या हळदीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. मांडी घालून बसलो, बट्टी चुरली, तूप ओतलं, पोटभर जेवलो. उठायची वेळ आली तर उठता येईना. डाव्या पायाला मुंग्या, उजवा गुडघा ऐकेना. शेवटी शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात रोवून उठलो. तो पोरगा नवरदेवाकडचा निघाला. तो म्हणाला, "काका, उद्या टेबलावर बसा." चांगल्या मनाने म्हणाला, पण मला ते लागलं.

आता घरात प्रत्येकाचा वेगळा सल्ला.

पोरगा २१ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याच्या डोक्यात १६०० मीटर आणि स्टॉपवॉच, तिसरं काही नाही. तो म्हणतो, पप्पा, माझ्यासोबत पळा. पहिल्या दिवशी बसस्टँडपासून कोर्टापर्यंत पळालो आणि एका टपरीच्या बाकावर बसून चहा मागवला.

आबा ७४ वर्षांचे. अजून उकिडवे बसून अर्धा तास बिडी ओढतात. (बिडीचं सोडा, बसणं बघा.) त्यांचं म्हणणं, "तुले जिम कसाले जोयजे? वावरमा चाल."

घरची मंडळी पहाटे पाचला गल्लीतल्या बायकांबरोबर अमळनेर रोडने चालायला जाते. तिला चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचंय. मला चल म्हणते.

आणि एक मित्र जिमवाला. त्याच्या नादाने गेल्या वर्षी तीन महिन्यांचे पैसे भरले होते, गेलो अकरा दिवस. तिसऱ्याच दिवशी तिथल्या पोराने जमिनीवरून दांडा उचलायला लावला, कंबरेत उसण भरली, आठ दिवस शेकत बसलो. जिमचं नाव घेत नाही. चूक माझीही होती, शेजारी एक पोरगी उचलत होती म्हणून मी वजन वाढवलं.

तर प्रश्न: पळू, चालू, जोर-बैठका काढू, जिमला जाऊ, की आबांच्या मागे वावरात जाऊ? वेळ पहाटेचा एक तास. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, पण तेव्हा डुलकी लागते.

---

भुसावळ_बायसेप

काका, मी सरळ बोलतो. मी जिमला दिसण्यासाठी जातो. तब्येतीसाठी जातो म्हणणारे निम्मे खोटं बोलतात. आरशात दंड दिसला की दिवस चांगला जातो, बस. त्यामुळे माझा तक्ता तुम्हाला देऊन उपयोग नाही, त्यात चार दिवस छाती आणि दंड आहेत, पाय शनिवारी आणि शनिवारी मी दांडी मारतो. पण एका खराब जिमवरून सगळ्यांना नावं ठेवू नका. तिसऱ्या दिवशी डेडलिफ्टला वजन लावणाऱ्या पोरालाच आधी शिकवायला पाहिजे.

---

निवृत्त_पीटी_सर

शेठ, नमस्कार. अमळनेरहून लिहितो. एकतीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली. आता गुडघ्याला पट्टा लावून सकाळी भरतीच्या पोरांचे टायमिंग घेतो.

आधी तुमच्या मुलाचं सांगतो, कारण ते सोपं आहे. शिपाई भरतीचं मैदान ५० गुणांचं. १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. १६०० मीटरला पुरते वीस हवे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे त्याची धाव ही परीक्षा आहे. पेपर झाला की पुस्तक बंद, तसं भरती झाली की त्यातले निम्मे पळणं सोडतात. वर्दीत आल्यावर दोन वर्षांत ओळखू न येणारे माझे विद्यार्थी मी मोजून दाखवू शकतो. तुम्ही त्याच्यामागे पळू नका. त्याला २० गुण हवेत, तुम्हाला ते कुणी देणार नाही.

आबांच्या उकिडवे बसण्याला मात्र माझा नमस्कार. आपल्याकडची जुनी माणसं दिवसातून पन्नास वेळा जमिनीवर बसत-उठत. जेवायला, दळायला, शौचाला, गाईचं दूध काढायला. ती वेगळ्या बैठका काढत नव्हती, कारण त्या होऊनच जात होत्या. आपण डायनिंग टेबल आणलं, कमोड आणला, स्टूल आणलं. बैठका गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही.

तालमीचं म्हणाल तर भुरळ पडावी अशीच गोष्ट आहे. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, पुढे पोलिसांत डीवायएसपी. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक बाप पोराला लंगोट घेऊन द्यायला लागला. पण पैलवानाचं शरीर कुस्तीसाठी घडवलेलं असतं. मान, खांदे, मांड्या, आणि त्या मापाचा खुराक. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, मग चाळिशीत काय होतं ते गावोगाव बघा. तुम्ही हजार बैठकांच्या गप्पा ऐकून एकदम शंभर काढू नका. भिंतीला हात लावून दहा काढा, त्या नीट काढा.

मुलाला एक विचारा: नडगी दुखते का?

---

फिजिओ_धुळे

दादा, मी धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या प्रश्नात पाच व्यायाम आहेत, पण तुम्हाला काय यायला हवं आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या गोष्टीत मात्र आहे. खाली बसून हात न टेकता उठणं, आणि ४५ किलो जमिनीवरून सीटपर्यंत नेणं. शुगर हे तिसरं, ते डॉक्टरांना हवंय. घरच्या ताईंबरोबर गडापर्यंत चालणं चौथं, ते तुम्हाला हवंय की नाही ते तुम्ही ठरवा.

आज एक करून बघा. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं, ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी झाल्या तर आम्ही ते कमी धरतो. तुम्ही ४७ चे आहात.

शुगरबद्दल एक गोष्ट लोकांना सांगितली जात नाही. साखरेचं मोठं गोदाम म्हणजे तुमच्या अंगातले स्नायू, त्यातही मांड्या आणि कुल्ले. स्नायू काम करायला लागला की तो रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो, त्या वेळी त्याला इन्सुलिनच्या परवानगीची फारशी गरज पडत नाही. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चाल ही पहाटेच्या चालीइतकीच कामाची. दुपारी डुलकी लागते म्हणालात, त्या वेळी गोडाऊनमध्ये थप्प्यांमधून चकरा मारा. आणि तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतच असतात, नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना दोन्ही सांगते: आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चाल, आणि निदान दोन दिवस ताकदीचं काम. दहा हजार पावलांचा आकडा तुम्ही मोबाइलवर बघत असाल. तो कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं होतं. तो चुकला तर झोप उडवू नका.

गोणीचं: एकदम ४५ ला हात लावू नका. दुकानात १० किलोची पिशवी असेल, २५ किलोची गोणी असेल. १० पासून सुरू करा. गोणीच्या अगदी जवळ उभे राहा, दोन पायांत खांद्याइतकं अंतर, कुल्ले मागे नेऊन खाली जा, पाठ सरळ. गोणी अंगाला चिकटवून आधी मांडीवर, मग पोटावर. तुमच्या त्या म्हातारबांनी जे केलं तेच. त्यांना कुणी शिकवलं नाही, पण त्यांचं तंत्र माझ्या पुस्तकातलं आहे. उचलून झाल्यावर कंबर पिळायची नाही, पाय वळवायचे. उसण अशीच भरते.

आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे परत जा. बीपी बघा, छातीत दाबल्यासारखं होतं का ते सांगा. या वेळी पुढच्या पेशंटला हाक मारायच्या आधी विचारा.

---

पुण्यात_खान्देशी

आमच्या ऑफिसात लिफ्टने सहाव्या मजल्यावरच्या जिमला जातात आणि तिथे पायऱ्या चढायच्या मशिनवर चढतात. असो. शेठ, भरीत पार्टीचा सीझन आहे. कळण्याची भाकरी आणि भरीत चालेल, वरचं कच्चं तेल जरा कमी ओता.

---

कापूस_वेचणारी

भाऊ, तुमच्या आबांना राग नको यायला, पण "वावरमा चाल" हे मला पटलं नाही.

मी शिरपूर तालुक्यातली. सहा एकर कापूस आहे, वेचणीला मी स्वतः उतरते. कमरेला ओटी बांधायची, ती भरत भरत जाते, सात-आठ किलोचं ओझं पोटाशी लोंबकळतं आणि त्या ओझ्यानिशी दिवसभर अर्धं वाकायचं. पूर्ण बसायचं नाही, पूर्ण उभंही राहायचं नाही. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात ते वेगळंच. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजतात तेव्हा मी मेढीला पाठ लावून सरळ व्हायचा प्रयत्न करते. बाजेवर पडलं की दहा मिनिटं पाय सरळ होत नाहीत.

लोक म्हणतात, तुला व्यायामाची काय गरज, दिवसभर काम करतेस. कामात एकच अंग झिजतं. माझे हात दोरीसारखे आहेत, पण हात वर करून माळ्यावरचा डबा काढायला गेले तर खांदा अडतो. गावात फिजिओ ताई आल्या होत्या शिबिराला (धुळ्याच्याच, या त्याच का माहीत नाही), त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पोटावर झोपून छाती वर उचलायची, दाराच्या चौकटीला हात लावून छाती उघडायची, आणि ओटी अर्धी भरली की रिकामी करून यायची. तिसरी सासूबाईंना आवडली नाही, चकरा वाढतात म्हणून. मी तरी करते.

तुम्ही दिवसभर बसता, तुम्हाला उठायला पाहिजे. मी दिवसभर वाकते, मला मागे वळायला पाहिजे. माझा व्यायाम तुमच्या कामाचा नाही, तुमचा माझ्या. मला सिक्स पॅक नको, वजनही कमी करायचं नाही. रात्री कुशीवर वळताना जाग यायला नको, एवढंच पाहिजे.

---

खतवाला_पारोळा

सगळ्यांचे आभार. फिजिओ ताईंची खुर्ची-परीक्षा काल दुकान बंद केल्यावर घेतली. पोराने स्टॉपवॉच लावलं, त्याला तेवढंच पाहिजे असतं. ११ झाल्या. बारावीला अर्धा उठलो आणि बसलो. आबांना बसवलं, त्यांच्या १५ झाल्या, वर विचारलं, "आणखी?" चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बिडीसकट.

पीटी सर, तुम्ही ओळखलंत कसं? नडगी दुखते, पोरगा लपवत होता. हायवेच्या कडेला डांबरावर रोज पूर्ण जोरात १६०० मारायचा.

काकू-ताई (वय माहीत नाही, क्षमा असावी), तुमची ओटीची गोष्ट आबांना वाचून दाखवली. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, तुझी आई पण अशीच मेढीला पाठ लावायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

---

निवृत्त_पीटी_सर

डांबर सोडायला सांगा. मातीचं मैदान नाहीतर वावराच्या बांधाकडेचा गाडरस्ता. आठवड्यात चार दिवस बोलता बोलता पळता येईल इतकं हळू, जोराची धाव फक्त दोन दिवस. नडगी बोटाने दाबून एकाच ठिकाणी ठणकत असेल तर पळणं बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. पोरं भरती चुकेल म्हणून दुखणं लपवतात आणि त्यानेच चुकवतात.

---

खतवाला_पारोळा

पावणेतीन महिन्यांनी परत येतोय. महाशिवरात्र झाली, ऊन लागायला लागलं. आमच्याकडे हेच सांगायचं असतं: मार्चनंतर पहाटे साडेसहाच्या पुढचं चालणं म्हणजे व्यायाम नाही, शिक्षा. मेमध्ये जळगाव-भुसावळ पंचेचाळिशी गाठतं तेव्हा तर दिवस उगवायच्या आत घरात असायला हवं.

काय केलं ते थोडक्यात. मंडळीसोबत पहाटे पाचला निघतो. पहिले पंधरा दिवस बायका पुढे आणि मी एकटा मागे, गल्लीतल्या कुत्र्यांना माझी वेळ पाठ झाली होती. दुपारी जेवणानंतर गोडाऊनमध्ये चकरा. मंगळवारी आणि शुक्रवारी गोणीचं काम. आधी झिंक सल्फेटची १० किलोची, मग १९:१९:१९ खताची २५ ची. २५ ची आता पोटापर्यंत सहज येते. युरियाची मांडीपर्यंत येते, तिथून वर न्यायला हमालाने एक कान धरावा लागतो. हमाल हसतो. म्हणतो, शेठ, आमच्या पोटावर पाय देता का?

गल्ल्यावरचं स्टूल बदलून बुटकं घेतलंय. गिऱ्हाईक आलं की उठायचं, हा नियम. रब्बीत गिऱ्हाईक भरपूर, आता मंदी आहे तर विनाकारण उठतो. खुर्चीवर १७ झाल्या. वजन ८१, म्हणजे फार काही नाही, आणि त्याबद्दल मंडळींनी मला ऐकवलं. एचबीएवनसी ५.९. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, काय केलंत? सांगायला लागलो तर त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

शेवभाजी सोडलेली नाही. तर्री वाटीत काढून ठेवतो, ती आबा पितात.

परवा पंगत होती. मांडी घातली, जेवलो, उठलो. एक हात टेकवला, खोटं बोलणार नाही. पण तो जमिनीला टेकवला, कुणाच्या खांद्याला नाही.

पोराची नडगी बरी आहे, ५:४८ वरून ५:२६ वर आलाय.

आता खरा प्रश्न. मंडळींच्या दिंडीत माझं नाव लागलंय. धुळे, मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरी आणि वर गड. पाच-सहा दिवसांची वाट, चैत्राचं ऊन. एका दिवसात मी आजवर जास्तीत जास्त अकरा किलोमीटर चाललोय. पायात काय घालू? पोरगा म्हणतो नवीन स्पोर्ट शूज घ्या. आबा म्हणतात, देवीला वहाणा घालून जातात का. मंडळी काही बोलत नाही, फक्त बघते.

---

कापूस_वेचणारी

ताईच म्हणा, ३४ ची आहे. नवे बूट अजिबात नको भाऊ, मालेगावच्या आत फोड येतील. जे घालून रोज चालता तेच घाला, आत सुती मोजे, बदलायला दोन जोड्या. घाम आला की मोजा बदलायचा. फोड आलाच तर वरची कातडी काढायची नाही. मी दोनदा गेलेय. ऊन चढायच्या आत थांबा, पुन्हा संध्याकाळी निघा. आणि अकरावर थांबू नका, निघायच्या आधी लागोपाठ दोन दिवस पंधरा-पंधरा चालून बघा. पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या काय म्हणतात ते महत्त्वाचं.

वर पायऱ्यांपाशी बूट काढा, आबांचंही राहील. माझ्या नावाने एक नारळ.